कणकुंबीचा ओढा आणि चार फुटांची टाकी

बेळगावाहून चोर्ल्याच्या घाटाने पणजीस जाणारा प्रवासी जांबोटी मागे पडली की बहुधा डोळे मिटून घेतो. झाडी दाट होते, वाऱ्यास गारवा येतो, आणि कणकुंबी केव्हा येऊन गेली हे त्याच्या ध्यानीही येत नाही. ज्यांस फार घाई नाही अशा वाचकांनी तेथे उतरून एक बस जाऊ द्यावी, असे आम्ही सुचवू. माऊलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. समुद्रसपाटीपासून ७९२ मीटर उंचीवर निघालेली ही नदी पूर्वेकडे तोंड करून सुमारे ३०४ किलोमीटर चालते व कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते. त्याच परिसरातील कळसा नावाचा ओढा मात्र पश्चिमेची वाट धरून म्हादईत जातो, म्हणजे अखेरीस पणजीपाशी समुद्रात. एकाच गावावर कोसळणारा पाऊस अर्धा बंगालच्या उपसागरास व अर्धा अरबी समुद्रास पोचावा, अशी ही जागा आहे. या पाण्याच्या वाटणीचा तंटा २०१० साली नेमलेल्या लवादापुढे गेला आणि २०१८ च्या ऑगस्टात लवादाने निवाडा दिला, हे वाचक जाणतातच. आमच्या वाचकांत बेळगावकर आहेत तसे गोमंतकीयही आहेत. त्या तंट्यात आम्हांस शिरावयाचे नाही. सांगावयाचे आहे ते त्या पाण्यातील एका बोटभर माशाविषयी.

गेल्या नव्हे, त्याच्या मागच्या मार्गशीर्षात आम्ही सहावीचा वर्ग घेऊन तेथे गेलो होतो. वर्ग म्हणजे अकरा मुले. आमच्या सरकारी मराठी शाळेत एका वर्गाचा पट आता एवढाच असतो. गावापासून अर्ध्या कोसावर एक ओढा खडकांच्या पायऱ्या उतरत खाली येतो. पावसाळा सरून दोन महिने झाले होते. गढूळपणा गेला होता, पण प्रवाहातील जोर गेला नव्हता. विज्ञानाच्या शिक्षकांनी तापमापक पाण्यात धरून पाहिला : सकाळी नऊ वाजता २० अंश सेल्सिअस.

उभ्याने पाहणारास त्या पाण्यात मासा दिसत नाही. उन्हाचे कवडसे आणि गोट्यांची पिवळी-काळी अंगे एवढेच दिसते. काठावर पालथे पडून, हाताचा आडोसा करून एकाच दगडाकडे पाच मिनिटे पाहत राहावे, म्हणजे दगडाचाच एक तुकडा किंचित सरकतो आणि पुन्हा थांबतो. तो मासा असतो. बोटाएवढा, अंगावर काळसर पट्टे, तोंडाशी मिशांच्या तीन जोड्या. जेथे मुलांचे पाय ठरत नव्हते तेथे तो प्रवाहाकडे तोंड करून स्वस्थ बसला होता. यात शक्तीचा भाग थोडा आणि युक्तीचा फार आहे. वेगाने धावणारे पाणी दगडाच्या अगदी अंगालगत मात्र मंदावते. त्या पातळ संथ थरात अंग दाबून राहावे, एका दगडावरून दुसऱ्यावर जाताना तेवढे झटक्याने पोहावे, हा त्याचा संसार. त्याला पाणी लागते असे म्हणणे पुरेसे नाही. त्याला धावते पाणी लागते.

म्हशी पाण्यावर घेऊन आलेले एक वृद्ध गृहस्थ आमचा हा पालथा वर्ग कौतुकाने पाहत उभे होते. ते म्हणाले, "ही मुरी, गुरुजी. आत्ता दिसतात तेवढी. होळी झाली की पाणी दगडाखाली जातं, मग सगळी खालच्या डोहात येऊन बसतात. तिथंच लोक पावडर टाकतात." पावडर म्हणजे ब्लीचिंग पावडर. आटत्या डोहात ती टाकली की लहानथोर सारे मासे पोट वर करून तरंगतात. खाण्याजोगे असतील ते उचलावयाचे, उरलेले तसेच सोडून घरी जावयाचे. कायद्याने याला बंदी आहे. आटलेल्या डोहाकाठी कायदा फिरकत नाही इतकेच.

मुरी हा शब्द ऐकून आम्हां भाषेच्या माणसास निराळाच आनंद झाला. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे कंपनी सरकारच्या काळात दख्खनची पाहणी करणारे अधिकारी. दख्खनच्या माशांविषयी त्यांनी लिहिलेले वर्णन १८३९ साली लंडनात प्रसिद्ध झाले, तेव्हा शास्त्रीय नावे बनविताना त्यांनी येथील लोकांच्या तोंडची नावेच उचलली. शिंगटीचे 'सींगटी' झाले, कोळशाचे 'कोलुस', खुद्रीचे 'खुद्री', आणि आमच्या मुरीच्या एका भावंडाचे 'मूरेह'. पुढे शास्त्रज्ञांनी यांची पहिली नावे अनेकदा बदलली, पण ही दुसरी मराठी नावे आजतागायत टिकून आहेत. लॅटिनच्या टोपीखालचा हा मराठी चेहरा मुलांस दाखविण्यासारखा आहे, म्हणून तो आम्ही फळ्यावर लिहून दाखविला.

अशा माशांना इंग्रजीत लोच म्हणतात. मुरीचे अंग गोलसर असते. तिच्या नात्यातील दुसरे एक घराणे याहून पट्टीचे आहे. त्यातील माशांचे पोट थाळीसारखे चपटे, आणि छातीचे व पोटाचे पर दोहों बाजूंस पंख्यासारखे पसरलेले. त्या परांच्या आधाराने ते दगडास चिकटतात. सह्याद्रीत हे घराणेही नांदते. त्यातील एक नवी जात कृष्णेच्या पाण्यातून २०१२ साली आणि दुसरी आमच्या शेजारच्या काळी नदीच्या खोऱ्यातून २०१६ साली शास्त्रज्ञांनी नोंदविली. काळीच्या जातीचे नाव त्यांनी बालितोरा चिपकली असे ठेवले आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांस त्याचा अर्थ सांगण्याची गरज नाही.

धबधब्यांत राहणाऱ्या या प्राण्यांचा ध्यास डॉ. सुंदरलाल होरा (१८९६-१९५५) यांनी घेतला होता. हे पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण खात्याचे संचालक झाले. वाहत्या पाण्यात चिकटून राहण्याच्या अवयवांवरील त्यांचा प्रबंध १९३० साली रॉयल सोसायटीने छापला. सह्याद्रीतील हे मासे आणि मलायाकडील मासे एवढे सारखे कसे, हा प्रश्न त्यांना पडला होता. एके काळी विंध्य-सातपुड्याची रांग पूर्वेस आसामच्या डोंगरांपर्यंत सलग व भरपूर पाण्याची असावी, आणि त्या वाटेने ओढ्याओढ्याने हे मासे पश्चिमेस आले असावेत, असे त्यांचे मत. सातपुडा-सिद्धांत या नावाने ते प्रसिद्ध आहे. पुढच्या संशोधकांनी त्यावर पुष्कळ शंका घेतल्या, तरी सपाट पोटाच्या एका क्षुद्र माशावरून डोंगरांचा इतिहास विचारणारी ती बुद्धी आम्हांस मोठी वाटते.

ओढ्यावरून निघताना एका मुलीने पाण्याची बाटली पुढे केली. "गुरुजी, दोन नेऊया का शाळेत?" आम्ही नाही म्हटले. आसपासचे बरेचसे रान अभयारण्यांत येते आणि तेथून मासाच काय, काडीही हलविता येत नाही. पण ते कारण सोडून दिले तरी बाटलीतील तो मासा खानापुरापर्यंतही पोचला नसता. पोचला असता तर त्यास ठेवावयाचे कोठे? आमच्या वाचनालयात चार फुटांचा एक फिशटँक रिकामा पडून होता. त्यात पूर्वी जे मासे होते ते उभ्या, कोमट, संथ पाण्यातले होते. मुलीस आम्ही सांगितले की आधी घर बांधू, पाहुण्याचे मग पाहू. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते बोलणे मनावर घेतले.

पाहुणा शेवटी बेंगळूरहून आला. तेथील एका हौशी गृहस्थांच्या टाकीत या चपट्या घराण्यातील माशांची पिल्ले जन्मतात. त्यांतील सहा त्यांनी शाळेस दिली. हा मासा मूळचा मध्य व्हिएतनामच्या डोंगरी ओढ्यांतला. पिवळसर अंगावर काळ्या रेघांची जाळी, वाढून दोन-सव्वादोन इंच. मौज अशी की १८४६ साली त्याचे प्रथम वर्णन झाले ते बालितोरा याच नावाखाली, आणि १९३२ मध्ये त्यासाठी सेवेलिया ही निराळी प्रजाती निर्माण करणारे शास्त्रज्ञ होते आपले होराच. तेव्हा पाहुणा परदेशचा असला तरी कागदोपत्री ओळखीचा निघाला. दुकानातून घ्यावयाचा असल्यास वाचकांनी एक काळजी घ्यावी. काच चाटणारा मासा मागितला की दुकानदार 'सकर' म्हणून एक खवलेदार मासा हाती देतो. तो मार्जारमत्स्यांपैकी आहे. वर्षा-दोन वर्षांत हातभर वाढतो, आणि कंटाळलेल्या मालकांनी नदी-तळ्यांत सोडून दिल्यामुळे आपल्या देशात ठिकठिकाणी उपद्रव देत आहे. त्याचा व आमच्या पाहुण्याचा काही संबंध नाही.

आता घराविषयी. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद. पाणी फूटभर उंचीचे, म्हणजे सुमारे १७० लिटर. या माशास उंची नको, लांबी हवी. टाकीच्या एका टोकास दोन लहान पंप बसविले, दुसऱ्या टोकास दोन जाड स्पंज, आणि दोहोंना जोडणारे पीव्हीसीचे नळ तळाच्या वाळूखाली गाडले. पंप चालू झाले की स्पंजातून गाळलेले पाणी वाळूखालून मागे ओढले जाते व वरून पुन्हा पुढे धावते. सारे पाणी एकाच दिशेने वाहते, जसे ओढ्यात. ताशी दोन-अडीच हजार लिटर पाणी फिरावे असे पंप घेतले. एवढ्या पाण्यास तासाला बारा-पंधरा फेऱ्या पडतात. आठवीतील एका मुलाने कागदाची नाव सोडून पाहिली, ती तीन सेकंदांत पैलतीरी गेली, आणि अख्ख्या शाळेस आपण काय बांधले आहे हे कळले.

दगड गोल व गुळगुळीत हवेत. आमच्याकडे मुबलक मिळणारा जांभा येथे कामाचा नाही. त्याच्या खरखरीत अंगास चपटे पोट चिकटत नाही. गोटे आम्ही बांधकामाच्या वाळूतून चाळून टाकलेल्या ढिगातून निवडले, ओढ्यातून आणले नाहीत. ओढ्यातील दगड उचलणे म्हणजे कोणाचे तरी छप्पर उचलणे होय. गोटे एकावर एक रचून मध्ये फटी ठेवल्या, कारण उजेडात वावरणाऱ्या या माशासही दुपारी आडोसा लागतो. वर झाकण घट्ट बसविले. काचेवर चढत चढत हा प्राणी पाण्याबाहेरही जाऊ शकतो.

एवढे झाल्यावर मासे आणण्यापूर्वी सहा आठवडे टाकी नुसती चालविली. मुलांस हे पटेना. रिकाम्या पाण्यास वाहवत ठेवण्यात काय अर्थ, असे एका पालकांनीही विचारले, आणि विजेच्या बिलाकडे बोट दाखविले. पण माशाच्या उत्सर्जनातून पाण्यात अमोनिया होतो. स्पंजात व दगडांवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. पहिली दोन द्रव्ये विषारी, तिसरे त्या मानाने सौम्य. हे जिवाणू येऊन स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही रोज चिमूटभर खाद्य टाकून त्यांनाच पोसत होतो. दुसरे कारण याहून महत्त्वाचे. नव्या स्वच्छ दगडांवर या माशास खाण्यासारखे काहीच नसते.

तो खातो काय? दगडावर हात फिरविला तर जी बुळबुळीत साय लागते ती. तीत शेवाळ असते, सूक्ष्मजीव असतात, किड्यांच्या बारीक अळ्या असतात. तो हे सर्व खरवडतो. इतर टाक्यांत शेवाळ हा शत्रू, येथे ती शेती. बेंगळूरच्या गृहस्थांनी सुचविलेला उपाय आम्ही चालू ठेवला आहे आणि तो इतरांसही सांगण्यासारखा आहे. शाळेच्या गच्चीवर दोन उथळ बादल्या विहिरीचे पाणी भरून उन्हात ठेवल्या आहेत. प्रत्येकीत सात-आठ गोटे. दहा-पंधरा दिवसांत त्यांवर हिरवट-तपकिरी थर धरतो. तसा थर धरलेले दोन गोटे टाकीत जातात, चाटून पांढरे झालेले दोन बादलीत येतात. बादलीत डासांच्या अळ्या झाल्या तर त्याही गाळून टाकीतच जातात. दुहेरी काम होते. जोडीला आठवड्यातून तीनदा स्पिरुलिनाची बुडणारी गोळी, उकडलेली पालकाची पाने किंवा दुधी भोपळ्याची चकती, आणि एखादे दिवशी दुकानात मिळणाऱ्या गोठविलेल्या लाल अळ्या. चकती संध्याकाळी टाकली तर सकाळी काढून घ्यावी. माशाला उपास पडण्यापेक्षा उरलेले अन्न कुजणे अधिक घातक.

नव्या गोट्यावर सहाजण कसे तुटून पडतात हे पाहण्यास मधल्या सुट्टीत गर्दी होते. एक दुसऱ्याच्या पाठीवर चढतो, दोघे पर पसरून एकमेकांभोवती गरगरतात. प्रथम मुलांस वाटले की भांडण जुंपले. वस्तुतः कोणी कोणास चावत नाही, जखमही होत नाही. वरच्या जागेचा हक्क सांगण्याची ती रीत आहे. मात्र म्हणूनच एक किंवा दोन न ठेवता पाच-सहा ठेवावेत, म्हणजे एकाच्याच मागे ससेमिरा लागत नाही.

शेजारीही विचारपूर्वक निवडावे लागतात. आमच्या टाकीत वरच्या पाण्यात दहा झेब्रा डॅनिओ आहेत. हा चपळ, रेघारेघांचा मासा आपल्याच देशातला, स्वस्त, आणि प्रवाहात पोहण्याची त्यास हौस. एका हितचिंतकांनी शाळेस दोन गोल्डफिश प्रेमाने भेट दिले. त्यांस आम्ही दुसऱ्या टाकीत ठेवले, कारण गोल्डफिश पाणी फार घाण करतो. एंजल किंवा गुरामी येथे नकोत. एकास ऊब हवी, दुसऱ्यास संथ पाणी. सगळे मासे पाण्यातच राहतात म्हणून सगळे एका घरात नांदतील, ही समजूत बरीच प्रचलित आहे आणि तिच्यापायी बरेच मासे मरतात.

खरी कसोटी उन्हाळ्याची. वीस अंशांच्या पाण्यात दर लिटरी नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, तीस अंशांवर साडेसात. म्हणजे उष्म्याने माशाची प्राणवायूची गरज वाढते त्याच वेळी पाण्यातील साठा घटतो. आमच्या पाहुण्यास वीस ते चोवीस अंश मानवतात. गेल्या चैत्रात दुपारी टाकीचे पाणी २९ वर गेले. झाकणाच्या जागी जाळी ताणून पाण्यावर टेबलफॅन वाहता ठेवला, तो एकटाच दोन-तीन अंश उतरवितो, युक्ती माठाचीच. पंख्याने पाणी उडून जाते, त्याची भर रोज घालावी लागते. अतिच झाले तर बर्फाची बंद बाटली पाण्यात तरंगत ठेवतो, पण पाणी एकदम थंड करू नये. आणि वीज जाते. ओढ्यास कोणी बंद करीत नाही, पंप मात्र क्षणात बंद पडतो. उन्हाळ्यातील भर दुपारी चार-पाच तास पाणी उभे राहिले तर डॅनिओ कदाचित तग धरतील, हे सहा धरणार नाहीत. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा एक छोटा पंप टाकीपाशी कायम टांगलेला आहे. तो प्रवाह देत नाही, श्वास तेवढा देतो.

अडचण अशी की हेच दिवस सुट्टीचे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मे अखेरपर्यंत शाळेस कुलूप असते. गेल्या वर्षी त्या अकरा मुलांनी पाळ्या लावून घेतल्या. सकाळी एकाने, दुपारी एकाने यावयाचे, तापमान पाहावयाचे, पाण्याची भर घालावयाची, शनिवारी चौथा हिस्सा पाणी बदलावयाचे. किल्ली आमच्या घरी. ज्यांच्या घरी फ्रीज आहे अशा दोन घरांनी बर्फाच्या बाटल्यांचे पत्करले. कोणाची आजी, कोणाचे मामा सोबत येऊन पाहून जात. एका आजींनी टाकीपुढे बसून बराच वेळ पाहिले व म्हणाल्या, "हा तर सारखा उलटंच चाललाय, आणि आहे तिथंच आहे." सहापैकी सहा मासे जूनमध्ये शाळेत हजर होते.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर आम्ही एक सूचना लाल शाईने लिहून ठेवली आहे : टाकी कधी बंद करावी लागली तर मासे बेंगळूरला परत पाठवावेत, ओढ्यात सोडू नयेत. परक्या पाण्याचा मासा येथल्या मुरीच्या दगडावर सोडणे हे पावडर टाकण्याच्या खालोखालचे पाप आहे. आमच्या निवृत्तीस दोन वर्षे आहेत, पुढे येणाऱ्यांस हे ठाऊक असेलच असे नाही. मार्गशीर्षात कणकुंबीस जाण्याची प्रथा मात्र पडली आहे. यंदाही मुले पालथी पडून मुरी मोजून आली.

ती अकरा मुले आता सातवीत आहेत. जूनमध्ये ती येथून जातील. सहावीत आठ आहेत. येत्या सुट्टीच्या पाळ्या एकोणीसजणांत लावल्या आहेत, त्यापुढच्या वर्षीचा तक्ता आठांचा करावा लागेल. शनिवारचे पाणी बदलण्याचे काम दोघांनी मिळून करावे असे ठरले आहे, कारण बादली एकट्यास उचलत नाही.